मुंबापुरीत पत्ता शोधू इच्छिणाऱ्यांस काही सूचना

कोणा आप्ताच्या घरी जेवावयास, मुलीकरिता सुचविलेल्या स्थळाच्या चौकशीस, अथवा रविवारची दुपार मोकळी सापडली एवढ्याच सबबीवर जो गृहस्थ खिशात पत्त्याची चिठ्ठी घालून मुंबईत घराबाहेर पडतो, तो पत्ता म्हणजे एखाद्या ठिकाणाचे वर्णन होय अशा भाबड्या समजुतीने पडतो, आणि ह्या समजुतीपायीच तासाभराने कोण्या भलत्याच गल्लीच्या तोंडाशी मानेवरचा घाम पुसत उभा असलेला आढळतो. ह्या शहरातील पत्ता त्या जागी पूर्वी काय होते ते सांगतो. सध्या काय आहे ते पाहण्यास ईश्वराने माणसास डोळे दिलेलेच आहेत, असा त्यामागील विचार असावा. हे मूलतत्त्व ज्याच्या अंगी मुरले नाही त्याने बेस्टच्या गाडीत पाऊल ठेवण्यापूर्वी पुढील मजकूर शांतपणे वाचावा.

आरंभ काळ्या घोड्यापासून करणे इष्ट. सातवा एडवर्ड युवराज असतानाचा त्याचा अश्वारूढ पुतळा ससून घराण्यातील एका धनिकाने शहरास अर्पण केला आणि १८७९ साली तो किल्ल्याच्या भागात उभा राहिला. १९६५ साली सरकारने तो उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला. म्हणजे राजा गेला आणि त्याच्याबरोबर घोडाही गेला. परंतु त्यानंतर तब्बल ५२ वर्षे ह्या शहरातील लोक एकमेकांस ‘काळ्या घोड्याशी उभा राहा’ असे सांगत राहिले, नसलेल्या घोड्यापाशी ठरल्या वेळी उभे राहत राहिले, आणि विशेष म्हणजे कोणाची चुकामूक झाल्याचे फारसे ऐकिवात नाही. अखेर २०१७ साली तेथे एक नवा काळा घोडा बसविण्यात आला, तो मात्र स्वाराविना. राजाचे नाव कोणाच्या तोंडी राहिले नव्हते आणि घोडा कोणी विसरले नव्हते, तेव्हा ज्याचे त्यास मिळाले. आमच्या मते ह्या शहरात आजवर झालेल्या निवाड्यांपैकी हा एक अत्यंत न्याय्य निवाडा होय.

हाच शिरस्ता सर्वत्र आहे असे समजून चालावे. धोबीतलावास तलाव नाही आणि तो शोधण्याच्या भानगडीत पडू नये. ट्रामची शेवटची फेरी ३१ मार्च १९६४ रोजी झाली, तरी ट्रामचे जे अखेरचे ठाणे त्याच्या नावाची ‘दादर टी.टी.’ ही अक्षरे ज्यांच्या वडिलांनीही ट्राम पाहिली नाही अशा तरुणांच्या मुखातून आजही सहज निघतात. चर्चगेटची गोष्ट तर याहून पुढची. ते गेट किल्ल्याच्या तटाबरोबर १८६० च्या दशकात पाडले गेले, आणि ते होते फाउंटनच्या आसपास. सबब चर्चगेट स्थानकावर उतरणारे लाखो प्रवासी रोज जे गेट अस्तित्वात नाही त्याच्या नावाने, जेथे ते नव्हतेच अशा जागी, वेळेवर उतरतात आणि वेळेवर कचेरीत पोहोचतात. ज्या शहराचा कारभार इतक्या निर्धास्तपणे चालतो त्यास नकाशाची गरज वाटू नये यात नवल ते काय?

आता प्रत्यक्ष विचारणा. पत्ता विचारण्यापूर्वी समोरच्या इसमाच्या वयाचा अंदाज घेणे हे पहिले कर्तव्य, कारण मुंबईत ठिकाणाचे नाव हे सांगणाऱ्याच्या वयावर अवलंबून असते. ज्या स्थानकास शासनाने १९९६ साली छत्रपती शिवाजी टर्मिनस आणि २०१७ साली छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस असे नाव दिले, त्यास धोतर नेसणाऱ्या पिढीतील एखादा वृद्ध अद्यापि बोरीबंदर म्हणतो, त्याचा निवृत्त चिरंजीव व्हीटी म्हणतो, नातू सीएसटी म्हणतो आणि पणती शाळेत शिकविल्याबरहुकूम सीएसएमटी म्हणते; चौघेही एकाच गाडीतून एकाच फलाटावर उतरतात. वृद्धास नव्या नावाने विचारल्यास तो दुखावतो, मुलीस जुन्या नावाने विचारल्यास ती आईकडे पाहू लागते. रस्त्यांच्या बाबतीत तर दुहेरी हिशेब ठेवावा लागतो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग हे नाव पावतीवर वाचावयाचे आणि तोंडाने लॅमिंग्टन रोड म्हणावयाचे. जो दिवा, तार किंवा सुटा भाग घेण्यास तेथे गेला आणि टॅक्सीवाल्यास कागदावरचे नाव वाचून दाखवू लागला, त्याची सचोटी वाखाणण्याजोगी खरी, पण त्यास टॅक्सी मिळणे कठीण.

मग विचारावे कोणास? चालत्या माणसास विचारू नये हा सर्वसाधारण नियम, कारण मुंबईत चालणारा मनुष्य हा वस्तुतः न थांबता येणाऱ्या गाडीतून उतरलेला आणि दुसऱ्या तशाच गाडीकडे निघालेला असतो. डबेवाल्यास तर सकाळी ११ ते १२॥ च्या दरम्यान मुळीच हटकू नये. त्याच्या डब्याच्या झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे यांनी लिहिलेला जो पत्ता असतो, त्याहून नेमका पत्ता ह्या शहरात कोठेही लिहिला जात नाही. परंतु तो वाचण्याचा अधिकार त्याचा आहे आणि त्या वेळी कोणा तरी कारकुनाची भाजी-पोळी त्याच्या हाती असते. इमारतीचा वॉचमन खोलीचा आकडा जाणतो, आडनाव जाणत नाही. पानवाला रस्ता जाणतो, मजला जाणत नाही. ह्या सर्वांत श्रेष्ठ अधिकारी म्हणजे इस्त्रीवाला. कोणत्या घरी किती शर्ट आहेत, कोणाचा मुलगा परदेशी गेल्यापासून पँटी येत नाहीत, कोणाकडे कालच पाहुणे उतरले, ह्या सर्वांचा तपशील त्याच्या चोपडीत आडनाववार नोंदलेला असतो. आणि त्याच्याजवळ नुसते ‘कुलकर्णी’ म्हटले तरी तो ‘कुठले, बँकेतले की पेटी वाजवणारे?’ असा प्रतिप्रश्न करून आपली योग्यता सिद्ध करतो. आमचा अनुभव असा की इस्त्रीवाला सापडला म्हणजे निम्मी वाट सरली.

भाषेविषयी एक सूचना. गिरगावात दोन मराठी माणसे पत्त्याची देवघेव प्रथम हिंदीत करतात, ‘भाईसाब, ये वाडी किधर आयेगा’ इथपासून ‘सिधा जाके लेफ्ट मारनेका’ इथपर्यंत जातात, आणि तिसऱ्या वाक्यास एकाच्या तोंडून ‘अगोबाई’ किंवा ‘म्हणजे काय’ निसटले की मग दोघेही किंचित ओशाळून मराठीवर येतात. ही प्रस्तावना टाळण्याचा यत्न करू नये. एकदम मराठीत आरंभ केल्यास समोरच्यास वर्गणी मागावयास आलात असा संशय येतो.

उत्तर देणारा एकच असेल अशी अपेक्षा धरणे हाही एक नवखेपणा. ठाकुरद्वारच्या नाक्यावर पानाच्या ठेल्यापाशी वाडीचे नाव उच्चारताच कोणता जाबसाल सुरू होतो तो नमुन्यादाखल देतो.

“सरळ जा. पिठाची गिरणी लागली की आत वळा.”

“गिरणी? अहो, गिरणी बंद होऊन जमाना झाला. तिथं मोबाईलचं दुकान आहे.”

“तेच ते. मोबाईलवाला आला की समजायचं, गिरणी आली.”

“पण ती कोपऱ्यावरच्या उडुप्याच्या अलीकडे ना?”

“कोपऱ्यावर उडुपी कधीच नव्हता. कोपऱ्यावर इराणी. उडुपी समोर.”

“इराणी तुमच्या वाडीच्या कोपऱ्यावर. मी ह्यांच्या वाडीचं बोलतोय.”

‘ह्यांच्या’ ह्या शब्दाने आपला नामोल्लेख झाला तरी अर्जदाराने मध्ये बोलू नये. खटला आता वरच्या न्यायालयात गेला आहे. त्यात आपण वादीही नाही आणि प्रतिवादीही नाही, फार तर निमित्त आहोत. इराणी कधी बंद झाला, त्याच्याकडचा ब्रून कसा होता आणि त्या जागेत नंतर कोणती बँक आली, ह्या मुद्द्यांचा निकाल लागेपर्यंत स्वस्थ उभे राहावे. निकालानंतर दोघेही एकाच वेळी हात करतात. हात एकाच दिशेस झाले तर ती दिशा बरोबर समजावी. भिन्न दिशांस झाले तर पानवाल्याकडे पाहावे, तो बोटाला चुना लावता लावता हनुवटीने जी दिशा दाखवील ती खरी. अंतराबाबत ‘दोन मिनिटं’ म्हणजे दहा, ‘पाच मिनिटं’ म्हणजे टॅक्सी करा, आणि ‘हे काय, इथंच’ म्हणजे सांगणारा स्वतः तेथे कधी गेलेला नाही, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

मुंबईकर ‘ठाऊक नाही’ असे म्हणत नाही. पाहुण्यास रिकाम्या हाताने परत पाठविणे त्याच्या जिवावर येते, म्हणून तो जवळ असेल ती दिशा देतो. ती चुकीची आहे हे आपणांस तत्क्षणी कळले, तरी शिष्टाचार असा की आभार मानून त्याच दिशेने चालू लागावे आणि तो दृष्टीआड होईपर्यंत मागे वळू नये. वळून पाहिल्यास तो बहुधा आपल्याकडेच पाहत उभा असतो, आणि तशा परिस्थितीत तो धावत येऊन पुन्हा सांगतो, तोही वेळ आपलाच जातो.

हल्ली बरेच तरुण हातातील फोनवरच्या नकाशाच्या हवाली होऊन चालतात. नकाशाबद्दल आमची तक्रार नाही. तो बिनचूक असतो. फक्त ‘आपण मुक्कामी पोहोचला आहात’ अशी ग्वाही तो वाडीच्या मागील भिंतीपाशी देतो, आणि दरवाजा असतो पलीकडच्या रस्त्यावर, जेथे जाण्यास अर्ध्या गिरगावास वळसा घालावा लागतो. त्या भिंतीपाशी कान देऊन उभे राहिल्यास आतून यजमानांच्या घरची कुकरची शिट्टीही ऐकू येते. मेट्रोचे खोदकाम चालू होते त्या वर्षांत तर रस्त्यारस्त्यावर उभ्या केलेल्या पत्र्यांनी नकाशाची पुरती त्रेधा उडवली होती, आणि ‘पत्र्यांच्या पलीकडे’ हा एक नवाच मोहल्ला शहरात वसला होता. पत्रे बहुतेक निघाले. मोहल्ल्याचे नाव काही तोंडांत अजून आहे.

इतक्या सायासाने वाडीत शिरल्यावर मजला आणि खोली ही शेवटची कलमे उरतात. चाळीत वर पाहून आडनाव पुकारावे; तिन्ही मजल्यांच्या गॅलऱ्यांतून डोकी बाहेर येतात, आणि आपण कोण, कोठून आलात, जेवून आलात की जेवायला आलात ह्याची चौकशी पुरी झाल्यावर सर्व हात एका दाराकडे वळतात. ही सोय टॉवरात नाही. तेथे खाली वहीत नाव, वेळ आणि फोनचा आकडा लिहून सही करावी लागते, आणि वॉचमन वर फोन लावून आपल्याविषयी इतल्ला देतो, “कोई आया है.”

ह्याच संदर्भात, ज्यांच्या चाळी पुनर्विकासात पडून त्या जागी उंच इमारती उभ्या राहत आहेत अशा सोसायट्यांच्या चिटणीसांस एक विनंती आहे. नवे नाव कोणतेही ठेवा, इंग्रजी ठेवा, फुलाचे ठेवा, देवाचे ठेवा. परंतु फाटकावरच्या पाटीत त्याच्या खाली जुन्या चाळीचे नाव लहान अक्षरांत का होईना, जरूर लिहा. पोस्टमन, इस्त्रीवाला आणि जेवावयास येणारे आप्त अजून त्याच नावाने विचारीत येतात.