काम दिसलं पाहिजे

दुसऱ्यांच्या वेबसाइटी सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे, हे मी सहसा आपणहून सांगत नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे नक्की काय करता?" खरं उत्तर असं, की काही बिघडू नये एवढंच बघतो. हे उत्तर लग्नाच्या पंगतीत पटत नाही. शेजारी बसलेला गृहस्थ "असं का" म्हणतो आणि वाढप्याला आपल्या पानाऐवजी माझ्या पानात जिलबी वाढायला सांगतो.

माझ्याकडे तीसेक साइटी आहेत. त्यांत एक वधू-वर सूचक मंडळ आहे, एक जुनं वाचनालय आहे, घरगुती मसाले विकणाऱ्या एक काकू आहेत, हिमालयाची प्रवासवर्णनं लिहिणारे निवृत्त प्राचार्य आहेत आणि फक्त श्रावणानंतर जागं होणारं एक गणेशोत्सव मंडळ आहे. सगळ्यांचा संसार वर्डप्रेसवर. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी २००३ साली वर्डप्रेस सुरू केलं, आणि 'पाच मिनिटांत बसवा' ही त्याची जुनी ख्याती आहे. ती खोटी नाही. पाच मिनिटांत बसतं, आणि मग पुढची सगळी वर्षं त्याचं अपडेट करत बसावं लागतं.

पूर्वी हे काम हाताने चालायचं. एकेका साइटच्या डॅशबोर्डमध्ये शिरायचं, लाल गोळ्यातला आकडा बघायचा, एकेका प्लगइनसमोर टिचकी मारायची, आणि मग एक लहानसं चक्र गरगर फिरत राहायचं ते बघत बसायचं. वधू-वर मंडळाचे अध्यक्ष अण्णा मला मुद्दाम कचेरीत बोलावून हे करून घेत. ते खुर्ची ओढून शेजारी बसत आणि चक्राकडे माझ्याहून जास्त एकाग्रतेने पाहत. मध्येच चहा येई. चक्र थांबलं की अण्णा सुस्कारा सोडत आणि म्हणत, "झालं एकदाचं!" त्या काळी मी फार कष्टाळू समजला जात होतो.

मग मला डब्ल्यूपी-सीएलआय भेटलं. आंद्रेआस क्रेटन आणि क्रिस्ती बुर्का यांनी २०११ साली ते सुरू केलं, आणि २०१६च्या अखेरीस वर्डप्रेसने त्याला अधिकृतपणे आपल्या घरात घेतलं. यात चित्र नाही, बटण नाही, चक्र तर नाहीच. काळा पडदा असतो, त्यावर आदेश टाइप करायचा : 'डब्ल्यूपी प्लगइन अपडेट --ऑल'. (मी इथे नागरीत लिहितोय. पडद्यावर असंच टाइप केलंत तर असा कुठला आदेशच नाही म्हणून तो हात झटकेल.) त्या साइटवरची सगळी प्लगइनं एका दमात अद्ययावत होतात. एका फाइलमध्ये सगळ्या साइटींचे पत्ते लिहून ठेवले आणि आदेशात 'अ‍ॅट-ऑल' घातलं, तर तोच हुकूम वाचनालयापासून हिमालयापर्यंत सगळीकडे बजावला जातो. मी पायजम्यात, घरच्या खाटेवर, आणि तिकडे तीस संस्थांचा कारभार सुधारतोय! शेवटी 'सक्सेस' अशी एक कोरडी ओळ येते आणि पडदा पुन्हा गप्प.

इथून माझ्या प्रतिष्ठेला उतरती कळा लागली.

अण्णा एकदा अचानक घरी आले. मी म्हटलं, बसा, तुमचंच काम करतोय. एंटर दाबलं. ओळी भराभर सरकल्या, 'सक्सेस' आलं.

"झालं?" अण्णा म्हणाले.

"झालं."

"सगळं?"

"सगळं."

अण्णा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग खिशातून माझं बिल काढून त्याच्याकडे बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे. "इंजिनिअर," ते म्हणाले, "आम्ही इतके दिवस ह्याचे पैसे देत होतो?" चहासुद्धा अर्धाच प्यायले.

आपल्याकडे कामाचा मोबदला कामाला मिळत नाही, तो काम करताना दिसण्याला मिळतो, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टर नाडी धरून बराच वेळ छताकडे बघतो, तेव्हा त्याच्या फीला अर्थ येतो. आणि मी वापरतो ते साधन तर मुळात मितभाषी! त्याला '--क्वाएट' असा जोड दिला तर ते होतं-नव्हतं तेवढंही बोलणं बंद करतं. तो जोड मी आयुष्यात कधी वापरलेला नाही. परवडत नाही.

माझी किंमत अण्णांच्या नजरेत परत वर आली ती त्यांच्या भाच्यामुळे. भाचा पुण्याला असतो आणि त्याला 'संगणकातलं सगळं येतं'. मंडळाने पत्ता बदलायचं ठरवलं, शेवटचं 'डॉट ऑर्ग' जाऊन 'डॉट इन' करायचं होतं. भाचा म्हणाला, त्यात काय! त्याने डेटाबेस फाइल म्हणून उतरवून घेतला, नोटपॅडमध्ये उघडला, शोधा-आणि-बदला केलं, परत चढवला. मुखपृष्ठ उघडलं. वधू जागेवर होत्या, वर जागेवर होते. बाजूची पट्टी गायब होती. त्या पट्टीत 'अध्यक्षांचे मनोगत' होतं, फोटोसह.

मला रात्री साडेअकराला फोन आला. आवाजावरून वाटलं, कुणीतरी गेलं.

घडलं होतं ते असं. बाजूच्या पट्टीतला मजकूर वर्डप्रेस नुसता ठेवत नाही, गाठोडं बांधून ठेवतं, आणि गाठोड्यातल्या प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहितं. ती अक्षरांत नाही, बाइटमध्ये. 'सांगली' हे तुमच्या-माझ्या हिशेबाने तीन अक्षरांचं गाव. पण यूटीएफ-८ पद्धतीत काना, अनुस्वार, वेलांटी या प्रत्येकाचे वेगळे तीन-तीन बाइट लागतात आणि सांगली अठरा बाइटची होते. भाच्याने 'ऑर्ग'ची तीन रोमन अक्षरं काढून 'इन'ची दोन घातली. जिथे जिथे पत्ता होता तिथे मजकूर एकेका बाइटने घटला, पण आधी लिहून ठेवलेला आकडा जुनाच राहिला. पीएचपीने गाठोडं सोडताना मोजलं, हिशेब जुळेना, त्याने ते गाठोडंच नाकारलं. अण्णांचं अख्खं मनोगत, त्यातल्या 'संस्कार' आणि 'काळाची गरज' यांसह, एका बाइटच्या तुटीत बुडालं.

मी जुनी प्रत परत बसवली आणि 'सर्च-रिप्लेस' हा आदेश काढला. हा आदेश गाठोडं सोडतो, आत बदल करतो, नव्याने मोजतो आणि परत बांधतो. त्याआधी '--ड्राय-रन' लावून बघायचं असतं. अण्णा शेजारीच बसले होते, म्हणून समजावून सांगितलं, की यात कुठे किती बदल होतील ते सगळं कळतं, पण प्रत्यक्षात काहीच बदलत नाही.

"म्हणजे पाहण्याचा कार्यक्रम," अण्णा लगेच म्हणाले. "पोहे खायचे, सगळी चौकशी करायची, शब्द द्यायचा नाही."

तांत्रिक विषयावर इतकी नेमकी टिप्पणी मी आजवर ऐकलेली नाही.

मनोगत परतलं. भाच्याला कुणी काही बोललं नाही, कारण तो बहिणीचा मुलगा. मला मात्र त्या दिवशी चहाबरोबर पोहेही मिळाले.

या साधनाने मला अडचणीत टाकलं असेल तर ते एवढ्यासाठीच, की त्याच्यामुळे खरं कळतं, आणि खरं प्रत्येकाला सांगता येत नाही. पाडव्याच्या शुभेच्छा सकाळी सहाला प्रसिद्ध होतील अशी व्यवस्था करून ठेवली होती. अण्णांचा फोन आला पावणेअकराला. "इंजिनिअर, शुभेच्छा कुठायत?" मी बघितलं, होत्या. "आता आहेत," अण्णा म्हणाले, "मी उघडली तेव्हा नव्हत्या. तुम्ही आत्ता टाकल्यात."

टाकल्या नव्हत्या. वर्डप्रेसचं घड्याळ आपणहून चालत नाही. कुणीतरी साइटवर आलं, की ते डोळे उघडतं, कुठली कामं राहिली आहेत ते बघतं आणि उरकतं. सहा ते पावणेअकरा या वेळात, ऐन पाडव्याला, मंडळाच्या साइटवर एकही माणूस फिरकला नव्हता. पहिले पाहुणे खुद्द अध्यक्ष. त्यांच्या पावलाने घड्याळ जागं झालं, आणि त्यांनी दुसऱ्यांदा उघडेपर्यंत शुभेच्छा हजर. आता हे अण्णांना कोणत्या शब्दांत सांगणार? मी म्हटलं, "सर्व्हरवर फार लोड होता." अण्णा खूश झाले. त्यांनी कार्यकारिणीत सांगितलं, की सणासुदीला आपल्या साइटवर गर्दी मावत नाही. मी गुपचूप वर्डप्रेसचं ते घड्याळ बंद केलं आणि सर्व्हरच्या स्वतःच्या वेळापत्रकात 'क्रॉन इव्हेंट रन --ड्यू-नाऊ' दर पाच मिनिटांनी चालेल असं लावून दिलं. तेव्हापासून शुभेच्छा सहाला लागतात. बघायला कुणी नसलं तरी.

वाचनालयाच्या चिटणीस बाईंचं प्रकरण जरा नाजूक होतं. वर्डप्रेसबरोबर 'हॅलो डॉली' नावाचं एक प्लगइन वर्षानुवर्षं येत आलंय. लुई आर्मस्ट्राँगने गायलेल्या त्या नावाच्या गाण्यातली कुठलीतरी एक ओळ डॅशबोर्डच्या कोपऱ्यात दाखवणं, एवढंच त्याचं काम. (वर्डप्रेस लिहिणाऱ्यांना जॅझचं वेड, मोठ्या आवृत्त्यांना ते जॅझ कलावंतांची नावं देतात.) ज्या प्लगइनचा उपयोग नाही ते काढून टाकावं, असा नियम मी एका रात्री तीसही साइटींना एका ओळीत लागू केला. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन.

"माझं काही चुकलं का हो?"

"नाही बाई, का?"

"तुम्ही मला रोज एक इंग्रजी ओळ लिहायचात. आज नाही लिहिलीत."

बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्या ओळी त्यांनी एका वहीत उतरवून ठेवल्या होत्या. पुष्कळशा परत परत येतात, हेही त्यांच्या लक्षात आलं होतं, पण कामाच्या गडबडीत माणूस दरवेळी नवीन काय सुचवणार, म्हणून त्यांनी मोठ्या मनाने सोडून दिलं होतं. मी एका ओळीत डॉलीला परत बसवून चालू केलं. खुलासा केलेला नाही. करणारही नाही.

हे साधन एरवी अगदी स्थितप्रज्ञ. डेटाबेस पुसून टाकायला सांगा, 'वाय की एन' एवढं विचारेल. '--येस' आधीच जोडलं असेल तर तेवढंही विचारणार नाही. (तो जोड कुणी आणि कुठल्या मनःस्थितीत घातला असेल, याचा मी अजून विचार करतो.) त्याचा तोल फक्त एका ठिकाणी जातो. सर्व्हरचा सर्वाधिकारी, म्हणजे 'रूट', होऊन ते चालवायला गेलात, तर ते चक्क 'याइक्स!' म्हणून किंचाळतं. त्या अवस्थेत साइटवरच्या कुठल्याही प्लगइनच्या हातात अख्खा सर्व्हर जाऊ शकतो, हे धोक्याचं आहे, असं मोठ्या अक्षरांत बजावतं, आणि तरीही करायचंच असेल तर '--अलाऊ-रूट' लिहा, असा मार्गही दाखवतं. आमच्या आजीची पद्धत हीच होती. आधी ओरडायची, मग किल्ली कुठे ठेवलीय ते सांगायची.

असो. मुद्दा बिलाचा होता.

तो सुटला '--डीबग'मुळे. हा जोड दिला, की साधन पोटातलं सगळं ओकतं : कुठली फाइल उघडली, कुठली पायरी सुरू झाली, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत वेळ. मी लॅपटॉप घेऊन मंडळाच्या कचेरीत जाऊ लागलो आणि अण्णांसमोर '--डीबग' लावून काम करू लागलो. अण्णा हरखले. "हजारावा भागसुद्धा हिशेबात धरलाय!" पुढच्या बिलाला त्यांनी ओळींची छापील प्रत जोडायला सांगितली. ती वार्षिक सर्वसाधारण सभेत 'संकेतस्थळ देखभाल' या खर्चाखाली सादर झाली. मंजूर झाली असती, पण सभेत एक निवृत्त नायब तहसीलदार आहेत, आणि ते कागद वाचतात.

"पान तीन," ते उभे राहून म्हणाले. "इथे 'नोटीस' असं लिहिलंय. मंडळाला नोटीस आली होती, हे सभासदांना का कळवलं नाही?"

मी उभा राहून सांगितलं, की ही तशी नोटीस नाही. वर्डप्रेसच्या ६.७ आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, एखाद्या प्लगइनने आपलं भाषांतर वेळेआधीच लोड केलं, तर वर्डप्रेस अशी नोंद करतं.

"वेळेआधी?"

"हो."

"म्हणजे वेळेआधी काम केल्याबद्दल नोटीस?" ते सभेकडे वळले. "उभी हयात महसूल खात्यात गेली माझी. असली नोटीस पाहिली नाही."

मी म्हटलं, प्लगइनवाले दुरुस्ती काढतील, अपडेट केलं की नोटीस जाईल. तहसीलदार साहेब म्हणाले, नोटीस जात नसते, तिला उत्तर द्यावं लागतं. उत्तरासाठी तीन जणांची उपसमिती नेमली गेली. दुरुस्ती आठवडाभरात आली आणि 'अ‍ॅट-ऑल'च्या रात्रीच्या फेरीत बसलीही. उपसमितीची पहिली बैठक कोरमअभावी तहकूब झाली होती. दुसरीत मसुदा तयार झाला : 'आपल्या नोटिशीस अनुसरून कळविण्यात येते की, सदर भाषांतर मंडळाच्या पूर्वपरवानगीशिवाय झालेले आहे.' ते पत्र माझ्या हाती देऊन तहसीलदार साहेब म्हणाले, "पाठवा. आणि पोच आणा."

मी ते 'पोस्ट क्रिएट'ने मंडळाच्याच साइटवर, खासगी पान म्हणून चढवलं. काळ्या पडद्यावर शिरस्त्याप्रमाणे ओळ उमटली : सक्सेस, पोस्ट ११८७ तयार. मी तिची प्रत काढून दिली. साहेबांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मंडळाची जावक नोंदवही मागवली, आणि 'समोरील कार्यालयाचा आवक क्रमांक' या रकान्यात, लाल शाईने, ११८७ लिहिलं.