येळवशीला ओवा वापरण्याची रीतसर पद्धत

भालकीकडे येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, कुणी शेतात जेवायला बोलावले तर आदल्या दिवशीच शर्टाच्या खिशात ओव्याची पुरचुंडी ठेवावी. पिशवीत ठेवू नये. जेवणानंतर पिशवीपर्यंत वाकता येत नाही.

कडब्याच्या खोपीतली पूजा आटोपली की पंगत बसते. भज्जीत तूर, वाटाणा, हरभरा, वाल असे सगळे ओले दाणे एकत्र शिजलेले असतात. पोटात वारा धरणारी अख्खी बिरादरी एका पातेल्यात. जोडीला बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि बिंदगीतली आंबील. 'नको' म्हणण्याला या दिवशी कायद्याचा आधार नाही. "खावा की ओ काका, वरून ओवा हाय की!" असे घरधनीणच बजावते. तेव्हा ओवा हे औषध नसून जादा वाढपाचा परवाना आहे, हे ध्यानात घ्यावे.

आता कृती. चिमूटभर ओवा तळहातावर चोळून फोलपट फुंकावे. आधी वाऱ्याची दिशा पाहावी, समोर आंबील उघडी असते. चोळल्याने दाण्यातले तेल मोकळे होते. नाकाला झोंबतो तो त्यातला थायमॉल. मग काळ्या मिठाच्या कणीबरोबर सावकाश चावून वर कोमट पाणी प्यावे. न चावता गिळणाऱ्याने गुण आला नाही अशी तक्रार करू नये. ओवा भाजायचाच तर जेमतेम शेकावा. करपवला की तेल उडून जाते आणि गुण येतो तो खोपीला.

पुढच्या इयत्तेतल्यांनी अमृतधारा बाळगावी. ओव्याची फुले, पुदिन्याची फुले आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ बाटलीत एकत्र केले, की थेंबभर पाणी न घालता पातळ होतात. ही करामत दाखवणाऱ्याला शेतात लगेच डॉक्टर म्हणतात. पदवी नाकारू नये, पण पाण्यात दोन थेंबांवर औषध देऊ नये आणि लहान मुलांना तर मुळीच देऊ नये. छातीत कळ येऊन घाम फुटला तर ओवा, अमृतधारा, डॉक्टरकी सगळे टाकून दवाखाना गाठावा.

कुंडीतल्या जाड पानांच्या ओव्याची भजी झकास होतात, पण ते झाड वेगळेच. त्याला ओव्याचे दाणे लागतील म्हणून वाट पाहू नये.

पहिली ढेकर आली की ती दाबून द्यावी. शेजारच्या बांधावरून हाक येतेच, आणि त्यांच्या भज्जीत वाल जास्त असतात.