कानपिळी राहिली

हॅलिफॅक्स, कॅनडा

तीर्थरूप आण्णांस,
 

आजीच्या वर्षश्राद्धाला वाटायच्या पुस्तिकेचा मसुदा मिळाला. भाषा भारदस्त आहे, पण त्यातली बाई आपल्या घरची वाटत नाही. ‘मुक्तिसंग्रामाच्या यज्ञकुंडातून तावूनसुलाखून निघालेली वीरपत्नी’ हे आजीनं वाचलं असतं तर म्हणाली असती, “यज्ञ कुठला रं बाबा, लग्नातला होम धड झाला नाही. तूप कमी पडलं.”

शाळेत आम्ही शिकलो ते असं: १५ ऑगस्ट १९४७ला देश स्वतंत्र झाला, निजाम सामील होईना, रझाकारांनी गावं जाळली, १३ सप्टेंबर १९४८ला भारताच्या फौजा घुसल्या, म्हणजे पोलीस ॲक्शन झाली, आणि १७ तारखेला निजाम शरण आला. आजीचा इतिहास याहून आटोपशीर होता. रुखवत आडात गेलं, बुंदी गार वाढली, कानपिळी राहिली. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी आपल्या लातूरला वकिली करायचा, म्हणून तो दोषही सासरच्या खात्यावर. भांडण कशावरूनही निघो, शेवटी “तुमच्या गावच्या वकिलानं केलं सगळं” हे आजोबांना ऐकावंच लागायचं.

पुस्तिकेत ‘सीमेवरील छावणीत विवाह’ एवढ्या तीन शब्दांत तुम्ही सगळं उरकलंत. खरी गंमत तिथंच होती की! तिचं माहेर उमरीकडचं. रझाकारीत एका रात्री घर सोडायचं ठरलं. गाडीत माणसं बसली तर भांडी बसेनात, म्हणून लग्नासाठी जमवलेली तांब्यापितळेची भांडी दोर लावून आडात सोडली. पैनगंगा ओलांडली की निजामाची हद्द संपायची. पलीकडे उमरखेड, तिथं स्टेट काँग्रेसची छावणी. छावणीत लातूरकडचा एक मुलगा होता. मुलगी उपवर, मुलगा डोळ्यांसमोर आणि उद्याचा भरवसा नाही. लग्न उरकलं.

उमरखेडच्याच लोकांनी ३० जानेवारी १९४८ला, गांधीजी गेले त्याच दिवशी, उमरीची बँक लुटली होती. वीस लाखांवर रक्कम. आजोबा ही हकिकत रंगवून सांगायला लागले की आजी आतून विचारायची, “वीस लाख होते, मग व्याह्याला एक उपरणं का नाही निघालं?” आजोबा म्हणायचे, तो चळवळीचा पैसा, त्याचा पै-पैचा हिशोब लिहून ठेवला होता. “मग त्यातच लिहायचं की, एक उपरणं.” यावर आजोबांकडे कधीच उत्तर नसायचं.

पोलीस ॲक्शननंतर गळ टाकून भांडी काढली. आठ सोडली होती, सहा निघाली. गळ टाकणाऱ्याचा नातू पुढे सरपंच झाला तेव्हा आजी म्हणाली, “होणारच. भांडवल होतं.”

त्या सहांतली घागर तुमच्याकडे आहे ना? गळ लागून पोटाला पोचा आलेली, कल्हई गेलेली. एकाच घरात बसून आजीनं हैदराबाद, मुंबई आणि महाराष्ट्र अशी तीन राज्यं बघितली, १९८२मध्ये उस्मानाबादचा लातूर जिल्हाही झाला. घागर तीच. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपानं आपण सगळे रस्त्यावर आलो आणि आजी परत आत गेली, घागर आणायला. तुम्ही त्या वेळी आपल्या आईवर, म्हणजे आजीवर, पहिल्यांदा ओरडलात. २०१६मध्ये आपला लातूरचा आड कोरडा पडला, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा टँकरखाली पहिली लागली तीही हीच.

आजोबांच्या सन्मान पेन्शनचा उल्लेख आलाय, मग तिचा अर्जही येऊ द्या. फॉर्मवर आजोबा किती दिवस कुठं होते ते भरत होते. आजीनं विचारलं, “भाकऱ्या कोणत्या रकान्यात लिहायच्या?” पेन्शन आजोबांना मिळाली. पुढे त्यांच्यामागे ती तिला मिळायला लागली, तेव्हा म्हणाली, “आता आली भाकऱ्यांची उधारी.”

ती इकडे आली होती तेव्हाचं तुम्हाला सांगायचं राहिलंय. विमानतळावर कस्टमवाल्यानं येसराची पुडी धरली आणि हे काय म्हणून विचारलं. आजी म्हणाली, “सांग त्याला, पैनगंगेवर निजामाच्या करोडगिरीवाल्याला माझं सोनं दिसलं नाही, याला पीठ दिसायलंय.” मी एवढंच सांगितलं, मसाला आहे. सोडलं त्यानं.

मग तिला पिअर एकवीसवरचं संग्रहालय दाखवायला नेलं. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैनिकांशी लग्न केलेल्या सुमारे ४८,००० बायका युरोपातून इकडे आल्या, बहुतेक ब्रिटनच्या. त्यातल्या कितीतरी जणी याच धक्क्यावर उतरल्या. भाडं सरकारनं भरलं, हे कळल्यावर आजी वैतागली, “आमची बैलगाडी तर बापाच्याच अंगावर.” एकेक फोटो चष्मा वर करून बघत होती. ही सासूला आवडली नसणार, हिची पेटी हलकीच दिसायली, असं चाललं होतं. मग एकाएकी म्हणाली, “यांचे भाऊ आलते का गं सोडायला?”

आण्णा, कानपिळीचं आपण सगळेच हसण्यावारी नेत आलो. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि पोशाख उकळायचा, तो मान हुकला म्हणून म्हातारी कुरकुरते, असं मला वाटायचं. त्या दिवशी तिथल्या बाकावर तिनं सांगितलं. तिचा थोरला भाऊ सगळ्यांना नदीपार करून, राहिलेली बैलं आणायला गावाकडे परत गेला होता. त्याच्यासाठी मुहूर्त दोनदा पुढं ढकलला. बुंदी त्याच्यापायीच गार झाली होती. तो लग्नाला आला नाही, पोलीस ॲक्शन झाल्यावरही आला नाही. एवढं सांगून लगेच म्हणाली, “चल, इथं चहा मिळतो का बघ.”

तुमच्या लग्नात काकूंच्या भावाला “जोरात पिळ, लाजतोस काय” म्हणून ओरडणारी तीच होती. फोटोत तुमचं तोंड वाकडं आहे ते त्यामुळं. माझ्या नवऱ्याच्या कानाला तर हळद लावावी लागली होती. ती कुणाच्या वाटणीचं वसूल करायची, हे आता ध्यानात येतंय.

म्हणून विनंती, ते यज्ञकुंड काढा. तिच्या तक्रारी जशाच्या तशा छापा: तूप, उपरणं, दोन भांडी, गार बुंदी. आणि कानपिळीखाली मामाआजोबांचं नाव घाला. आजोबांचं नाव सरकारी कागदावर आहे, त्यांचं कुठंच नाही.

जेवणात बुंदी ठेवणार असाल तर गरम वाढा. काकूंना म्हणावं, येसर संपलंय, जरा जास्तच पाठवा. इकडच्या करोडगिरीवाल्याला मी बघून घेते.

तुमची पुतणी