पंधरा अंशांची लोकर

बंगळुरूत थंडी अवघडलेल्या पाहुणीसारखी येते. उंबरठ्यावरच उभी राहते, चहा नको म्हणते आणि आपण पाट मांडेपर्यंत निघून जाते. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं हे गाव डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे सरासरी पंधरा अंशांपर्यंत उतरतं. तेवढ्यावर इथली माणसं माकडटोप्या चढवून कबन पार्कात अशा चेहऱ्यानं हिंडतात, की पुढचा मुक्काम कैलासावरच असावा. 13 जानेवारी 1884 ला मात्र इथं पारा 7.8 अंशांवर गेल्याची नोंद आहे, आणि त्याच वर्षी शहरात लोकरीची गिरणी निघाली. दोन्हींचा काही संबंध नसणार, पण तो असावा असं मला आपलं वाटतं. तशी थंडी पुन्हा आली नाही. गिरणीवाल्यांनी तिची किती हिवाळे वाट पाहिली असेल!

अशा गावात राहून मेरिनो लोकरीचा बेस लेअर, म्हणजे अंगालगत घालायचा सदरा, निवडायला निघणं मला जरा संकोचाचंच वाटलं होतं. माझी भाची शनिवारी रात्री स्कंदगिरीला किंवा कुमार पर्वताला निघणाऱ्या पिढीतली. ‘मामा, सुती बनियनवर डोंगर चढू नकोस,’ ती म्हणाली. ‘घामानं भिजतो आणि माथ्यावर वारा लागला की अंगावर बर्फ होऊन बसतो.’ दुकानात तिनं मला दीडशे, दोनशे आणि अडीचशे जीएसएमचे, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम भरणाऱ्या कापडाचे, सदरे हातात दिले. तिन्ही इतके मऊ, की मला शंका आली. माझ्या लेखी लोकर म्हणजे टोचणारी वस्तू.

आमच्याकडे लोकर म्हणजे घोंगडी. धनगरांनी कातरलेली, सनगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली. नवी घोंगडी उभी केली तर घटकाभर तशीच उभी राहील. आजोबांच्या शेतावर राखणीला गेलं की ती खाली अंथरायची आणि वर आभाळ. पाठीला टोचायचं म्हणून आम्ही कुशी बदलायचो, तर आजोबा अंधारातून म्हणायचे, ‘टोचतंय तोवर जागे आहात. मग गोष्ट पुढे सांगतो.’ टोचणं थांबायचं, तेव्हा गोष्ट कुठवर आली होती ते कधीच कळलं नाही.

आता कळतं, की तो सगळा मायक्रॉनचा प्रश्न होता. मेरिनोचा तंतू साधारण अठरा मायक्रॉन जाडीचा. त्वचेला लागताच वाकतो, म्हणून टोचत नाही. दख्खनी मेंढीचा तंतू तिशीच्या पुढचा, ताठ कण्याचा. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. घेताना किंचित ऊबही देते, आणि दोन दिवस घातली तरी वास धरत नाही. म्हणजे बंगळुरूचा माणूस हा सदरा थंडीपेक्षा स्वतःच्याच घामासाठी विकत घेतो. उकडू नये म्हणून लोकर घालायची, हे आजोबांना कसं समजावलं असतं कोण जाणे.

गंमत अशी, की मेरिनो या मुलखाला नवा नाही. ज्याच्या नावानं बाग आहे तो मार्क कबन 1834 ते 1861 म्हैसूरचा कमिशनर होता, आणि त्यानं ऑस्ट्रेलियाहून मेरिनो मेंढे मागवून इथल्या मेंढ्यांचा वाण सुधारायचा खटाटोप केला होता. जहाजातून डुलत आलेले ते झुबकेदार मेंढे नाचणीच्या शेतांकडे बघत उभे राहिले असतील, आणि धनगरांच्या देवाच्या, बिरोबाच्या, राज्यातल्या काटक मेंढ्यांनी हे जावई नाक मुरडून स्वीकारले असतील. प्रयोग पुढे टिकला नाही. पण आज त्याच बागेत पहाटे धावणाऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या अंगावर मेरिनो आहे. साहेबाला वंश हवा होता, मिळाले टीशर्ट.

आम्ही शेवटी दीडशेचा घेतला. किंमत ऐकून मी मनातल्या मनात घोंगड्या मोजल्या. पण सदरा आणि मी, दोघंही स्कंदगिरीच्या ढगांत पोचलो तेव्हा तो कोरडा होता आणि मी बोलायच्या स्थितीत नव्हतो. भाचीनं दोन्हींची नोंद घेतली.

तेव्हा माझं मत विचाराल तर दक्षिणेतल्या डोंगरांना दीडशे पुरे. अडीचशेचा हिमालयासाठी राहू द्या. अंगासरसा बसणारा घ्या, सैल सदरा घाम टिपत नाही. पिशवीचा पट्टा येतो तिथं, खांद्यावर, शिवण नसलेली बरी. गार पाण्यात हलक्या हातानं धुवा, पिळू नका, सावलीत आडवा पसरून वाळवा. आणि ठेवताना कपाटात कडुलिंबाचा पाला टाका. कसरीला मेरिनो फार आवडतो.