खो मिळेपर्यंत

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला; प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मग आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातही खो-खो वाढवायलाच हवा! वाढवायचा म्हणजे आधी समिती, मग फ्लेक्स, मग नारळ. राज्यातली जेतेपदं सहसा पुणे, ठाणे, धाराशिवकडे जातात. क्षेत्रफळात मात्र राज्यात पहिले आपणच. तालुके 14, म्हणजे तेवढे अध्यक्ष तरी नक्की. जामखेडला लागूनच धाराशिव, तिथल्या खो-खोपटू सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार. दुष्काळाची सबबही चालणार नाही, तो दोन्हीकडे सारखाच. आमचे क्रीडाशिक्षक सध्या मतदारयाद्यांचा पाठलाग करताहेत. समितीला एक नियम मात्र तोंडपाठ आहे: मागून खो मिळाल्याशिवाय बसलेल्याने उठायचं नाही.