सूर्यनमस्कारांची थकबाकी

माझ्याकडे योगाची एक जांभळी चटई आहे. जिल्ह्याच्या चौदाही तालुक्यांत ती जाऊन आली. पुरती उलगडली मात्र एकदाच. पतसंस्थांचे हिशेब तपासणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा : १७,०४८ चौरस किलोमीटर. अकोल्यात कळसूबाईच्या पायथ्याशी भिजलेला सदरा जामखेडच्या उन्हात वाळवावा, असा त्याचा पसारा. त्यामुळे एप्रिल ते जुलै माझा मुक्काम बहुधा एस.टी.त असतो, आणि चटईचा माझ्या मांडीवर. ‘साहेब, फ्लेक्स कुणाचा म्हणायचा?’ असे एकदा कंडक्टरने विचारले. गुंडाळी करून नेण्यासारखी दुसरी वस्तू आमच्याकडे असतेच कुठे? व्यायामाची चटई आहे म्हटल्यावर त्याने माझ्या पोटाकडे एक दृष्टी टाकली आणि काही न बोलता तिकीट फाडले. त्या मौनाइतका नेमका लेखापरीक्षण अहवाल मी आयुष्यात लिहिलेला नाही.

रोज बारा सूर्यनमस्कार हा आमच्या घरचा नियम, वडिलांनी लावलेला. पहाटे ओसरीवर त्यांचा श्वास ऐकू यायचा; दूरवर कोणी संथपणे करवत चालवावी तसा. उन्हाळा असो, पाहुणे असोत, घरात लग्न असो, बारा म्हणजे बारा. ते कधी प्रवासालाच गेले नाहीत, हे त्यांच्या नियमाचे गुपित मला फार उशिरा कळले. मी मात्र सवयीप्रमाणे एक वही घातली. गावोगावी चुकलेले नमस्कार ‘मागील बाकी’ म्हणून पुढच्या पानावर ओढत गेलो. एखाद्या पतसंस्थेने एवढी थकबाकी दाखवली असती तर मी तिला डोळे मिटून ‘ड’ वर्ग दिला असता.

प्रयत्नच केले नाहीत, असे नाही. एका तालुक्याच्या गावी लॉजच्या खोलीत चटई पसरली, तर ती अर्धी जमिनीवर आणि अर्धी भिंतीवर गेली. खोली तिच्याहून आखूड होती. मग चटई बाजूला ठेवून फरशीवरच उभा राहिलो. हात वर केले तर पंखा, पाय मागे टाकला तर दार. साष्टांगात डोके पलंगाखाली गेले, तेव्हा मागच्या कुणा पाहुण्याची एकुलती एक चप्पल माझ्याकडे विरहिणीसारखी पाहत होती. तेवढ्यात चहावाला पोरगा दार ढकलून आत आला आणि हळूच म्हणाला, ‘काही हरवलं का साहेब?’ काय हरवले, हे त्याला सांगायला वेळ लागला असता. मी चहा घेतला.

चालावे म्हटले, तर यजमान चालू देत नाहीत. ज्या जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले आणि १९५० साली लोणीजवळ सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच जिल्ह्यात आता कार्यालयापासून खाणावळीपर्यंतच्या दोनशे पावलांसाठी गाडी येते. ‘चालत कशाला? गाडी आहे ना!’ या वाक्याला नकार देता येत नाही. नकार दिलाच, तर जेवणात जिलेबी वाढते.

एकदा नगरमध्ये काम लवकर आटोपले, म्हणून भुईकोट किल्ल्यात गेलो. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या बारा नेत्यांना इथे आणून ठेवले होते. मौलाना आझाद पहाटेच्या अंधारात उठून स्वतःच्या हाताने चहा करत. नेहरू शीर्षासन करणारे. त्या थोड्याशा हास्यास्पद आसनाने माणूस आयुष्याच्या लहरी सोसायला शिकतो, असे त्यांनी आत्मचरित्रात आधीच लिहून ठेवलेले. इथे त्यांनी बागेसाठी कडक जमीन खणायला घेतली. खणता खणता जुन्या भिंती आणि घुमटांचे माथे लागू लागले, आणि पुढे कुदळ ठेवून त्यांनी लेखणी घेतली. ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये इथेच लिहून झाले. ज्यांना कुठेच जाता येत नव्हते त्यांचे नियम चालू होते, आणि मी, ज्याला कोणी अडवलेले नाही, खंदकाच्या काठावर चटई काखेत धरून उभा होतो. तिचे वजन त्या दिवशी थोडे जास्तच भरले.

ती उलगडली ज्येष्ठात, मिरजगावला. त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघालेली निवृत्तिनाथांची पालखी तिथे मुक्कामाला होती, आणि पावसाने जमीन ओली. देवळाच्या ओवरीत एक म्हातारी बसायला कोरडी जागा शोधत होती. माझ्या काखेकडे पाहून म्हणाली, ‘सतरंजी हाय का रं बाबा?’ मी होय म्हणालो. योगाचे नाव घ्यायचा धीर झाला नाही. ती उताणी पडली, दोन्ही पाय सरळ वर करून खांबाला टेकवले आणि डोळे मिटले. ‘सुजत न्हाईत असं केलं की,’ एवढेच म्हणाली. पुस्तकात या आसनाला भारदस्त संस्कृत नाव आहे. तिच्या टाचांना भेगा होत्या, पहिल्या पावसाआधीच्या रानासारख्या. वडिलांच्याही अगदी तशाच होत्या, हे मला किती वर्षांनी आठवले.

पहाटे तिने चटई परत दिली, गुंडाळून नव्हे, तर गोधडीसारखी चौघडी घालून. त्या घड्या अजून मोडलेल्या नाहीत. आता ती मांडीवर ठेवली तर कोणी फ्लेक्स म्हणत नाही. लॉजमधल्या खोलीत पाचच नमस्कार होतात. उरलेले सात मी पुढच्या पानावर ओढत नाही. वहीच्या शेवटी शेरा मारून टाकला आहे : ‘मागील संपूर्ण थकबाकी निर्लेखित. चटई वापरात. वर्ग ब.’