नकारघंटा पाहिजे

बेंगळुरूत घर घ्यायचं मनात आलं की ते बायकोच्या आधी कर्जवाल्यांना कळतं. लगेच फोन येतो. "सर, तुमचं पन्नास लाखांचं लोन प्री-अप्रूव्ड आहे!" बोलणाऱ्या पोराचा कर्जाचा अनुभव साधारण मागच्या सोमवारपासूनचा, त्याआधी तो क्रेडिट कार्डं विकत होता. त्याला पाठ असतो तो फक्त व्याजदर. "साडेआठ नाही सर, आठ पॉइंट चार!"

आता हिशेब बघा. पन्नास लाख, वीस वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता ४३,३९१ रुपये, आठ पॉइंट चारने ४३,०७५. महिन्याला वाचले ३१६. म्हणजे दर्शिनी हॉटेलात दोन मसाला डोसे, दोन फिल्टर कॉफ्या आणि वर थोडी चिल्लर. तेही उभ्याने खाऊन.

पोराचा दोष नाही. त्याचं कमिशन कर्जवाटप झालं की पदरात पडतं. घर पुढे उभं राहो, नाहीतर कोर्टात जावो. त्यामुळे 'नको' हा शब्द त्याच्या कोशातच नाही.

तो शब्द ऐकायचा तर जयनगरातल्या काकांकडे जावं. मूळचे बेळगावचे, सगळी नोकरी बँकेच्या कर्जविभागात, आता लोकांना कर्ज मिळवून देतात. व्याजदराचं ते नाव काढत नाहीत. फाइल शेवटून उघडतात, चष्मा कपाळावर चढवतात, कागद नाकाशी धरतात आणि विचारतात, "ए खाता की बी खाता?"

या प्रश्नावर भले भले बिल्डर पाणी मागतात. ए खाता म्हणजे मिळकत नियमात बसणारी. बी खाता म्हणजे परवानग्यांत कुठेतरी पाणी मुरलेलं. पालिका तिच्यावरही कर बिनदिक्कत घेते, बँका मात्र बहुधा हात आखडतात. मग पुढची सरबत्ती. मदर डीड, म्हणजे मूळ मालकीचा दस्त, कुठंय? शेतजमीन बिगरशेती झाली का? ईसी, म्हणजे बोज्याचा दाखला, किती वर्षांचा काढलाय? ओसी, म्हणजे भोगवट्याचा दाखला, हातात आहे की बिल्डरच्या तोंडात?

मालकीची साखळी कुठे तुटलेली त्यांना चालत नाही. एकदा मी त्यांना अख्ख्या बेंगळुरूचीच फाइल दिली. १५३७ साली केंपेगौडांनी वसवलं. १६३८ मध्ये आदिलशाही फौजेने घेतलं आणि शहाजीराजांना जहागीर मिळाली. मग व्यंकोजीराजे. १६८७ मध्ये मोगल आले आणि त्यांनी ते तीन लाखांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयारांच्या हवाली केलं. अख्खं शहर तीन लाखांत! आज साठ लाखांच्या फ्लॅटला पाच टक्क्यांनी नुसती स्टॅम्प ड्युटीच तेवढी होते.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मोगलांचा ताबा जबरदस्तीचा. टायटल क्लिअर नाही. मी पास केलं नसतं."

"पण काका, साखळीत आपल्या राजांचं नाव आहे की!"

"नाव असून काय करता हो? पझेशन गेलं की!"

अनुभवी माणसाची खूण हीच. तो स्वतःच्या नुकसानीचं बोलतो. बदलत्या व्याजाचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, हा रिझर्व्ह बँकेचा २०१२ पासूनचा नियम काका आपणहून सांगतात. रेपो दर वाढला की बँक बहुधा हप्ता तेवढाच ठेवून कर्जाची वर्षं वाढवते. साठीला निवृत्ती आणि पासष्टीपर्यंत हप्ते, असं होऊ नये म्हणून आधीच विचारायला लावतात. पंच्याहत्तर लाखांवर कर्ज गेलं तर बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर जात नाही, उरलेले कुठून आणणार, हेही विचारतात. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले नाहीत आणि चूक बँकेची असली, तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई वसूल करायचीही आठवण देतात. कर्ज अजून मिळालेलंच नाही, ही गोष्ट वेगळी.

"अहो, हे कर्ज मिळवून द्यायला बसलेत की मोडायला?" बायको विचारते. फ्लॅट तिला आवडला की काकांना त्यात 'रेव्हेन्यू साइट', म्हणजे बिगरशेती न झालेली जमीन, दिसते.

म्हणून कर्जासाठी माणूस निवडताना एकच विचारावं, वर्षभरात किती जणांना नको म्हणालात? उत्तर देताना ज्याचा चेहरा खुलतो, तो आपला.

काकांच्या कृपेने आम्ही अजून भाड्यानेच राहतो. पण टायटल अगदी क्लिअर आहे. घरमालकाचं. तेही काकांनी तपासलं.